दाराबाहेरचा दगड

वेर्नोंच्या तळघराच्या दारात मी एक बूट काढला आणि दुसऱ्याच्या नाडीला हात घातला, तेवढ्यात मादाम ओदिल म्हणाल्या, "बूट राहू द्या. खाली काचा पडलेल्या असतात."

अश्लेषाला हसू आवरेना. "गिरिजा, देऊळ नाहीये ते," ती मराठीत म्हणाली, "दारूचं गोदाम आहे. घाल बूट."

मी काही बूट घातला नाही. तो हातात धरून, एका पायावर भार देऊन, मी दारात तशीच उभी राहिले. दार जाड लाकडाचं होतं आणि त्याच्या आत लगेच पायऱ्या खाली उतरत होत्या. खालून गार हवा येत होती आणि तिला शाळेतल्या ओल्या फळ्याचा वास होता, कारण त्या भागातली जमीन आतून सगळी खडूचीच आहे. दाराच्या डाव्या अंगाला भिंतीला टेकून एक चपटा दगड होता, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. तो मी तेव्हा पाहिला खरा, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आम्ही दोघी तेव्हा फ्रान्समध्ये, रँसला शिकत होतो. विषय आंबवण्याचं शास्त्र. म्हणजे दह्यापासून शँपेनपर्यंत जे जे काही सूक्ष्म जीव माणसासाठी करतात, ते सगळं. अश्लेषा दामले ठाण्याची, मी मिरजेच्या पलीकडच्या पानमळ्यांच्या गावची. परदेशात मराठी माणूस भेटला की आधी जवळ येतो आणि मग भांडतो म्हणतात. आमचं भांडण काही व्हायला तयार नव्हतं. एका खोलीत राहत होतो, एका कुकरात भात लावत होतो. त्या फेब्रुवारीत मात्र पहिल्यांदाच आमच्यामध्ये एक गोष्ट आली. शँपेन बनवणाऱ्या वेर्नोंच्या घरात सहा महिने काम शिकायची एकच जागा होती. विद्यापीठातल्या आमच्या सरांनी दोघींची नावं कळवली होती, आणि निवड मादाम ओदिल स्वतः, तळघर दाखवता दाखवता करणार होत्या.

ती जागा मला हवी होती. किती हवी होती हे मी अश्लेषाला सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं. ज्यांना तळघरात काम मिळे त्यांना पुढे तिथेच नोकरी मिळे. ज्यांना मिळत नसे ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नळ्या हलवत पदवी पुरी करत आणि घरी परतत. मला परतायचं नव्हतं. वर्गात मी पुढे होते, माझं फ्रेंच तिच्यापेक्षा बरं होतं, सरांचा कल माझ्याकडे होता. एकूण जागा माझीच, असं मी मनाशी धरून चालले होते.

सकाळी बसमध्ये अश्लेषानं विचारलं होतं, "तुझ्याकडे दुखण्याची गोळी आहे का गं?" मी पर्समधलं पाकीट काढून दिलं. त्यातली एक मी घरून निघतानाच घेतली होती. तिनं एक गोळी पाण्याशिवाय गिळली आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. परीक्षेला जातानाही ही पोरगी झोपू शकते, एवढंच माझ्या मनात आलं.

"येताय ना?" मादाम म्हणाल्या. त्या सत्तरीच्या आसपासच्या, बुटक्या, ताठ पाठीच्या होत्या. आम्हा पोरीसोरींनाही अहो-जाहो करत. त्यांचा पुतण्या ल्युक हातात दिवा घेऊन दोन पायऱ्या खाली उतरून थांबला होता. अश्लेषा त्याच्या मागे.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले. "मी थांबते इथे."

"बरं नाही का?"

"बरं आहे. आज नको."

अश्लेषानं मागे वळून पाहिलं. "अगं, आज नको म्हणजे? आजच तर आहे." तिच्या आवाजात खरी काळजी होती. मी मान हलवून तिला जा म्हणाले. ती गेली नाही, मग मादामनीच हातानं खूण केली. ल्युक आणि ती खाली उतरली, दिव्याचा उजेड भिंतीवरून वळला आणि दिसेनासा झाला.

मादामनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या बुटाकडे पाहिलं. मी दारापासून एक हात अंतर राखून उभी होते, तेही पाहिलं. मग म्हणाल्या, "अच्छा. ते."

त्यांनी त्या चपट्या दगडावरची माती हातानं झटकली आणि म्हणाल्या, "बसा. जागा तीच आहे. माझी सासू मला इथेच बसवायची."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या लांब येऊन, इतकी पुस्तकं वाचून, कोणीही न विचारता मी दाराबाहेर थांबले होते, आणि या परक्या बाईला ते एका नजरेत समजलं होतं. मी बसले. त्या शेजारी बसल्या.

"तुमच्याकडे द्राक्षं होतात का?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरी नाही. आमच्याकडे पानं होतात. जेवल्यावर खायची. त्याचे वेल असतात, झाडांच्या सावलीत वाढवतात. आत गार असतं, अंधारही असतो थोडा."

"बूट काढून जायचं."

"हो. चपला बांधावर काढायच्या. मोठ्यानं बोलायचं नाही."

"आणि असल्या दिवसांत जायचं नाही. गेलं तर वेल वाळतात."

"असं म्हणतात."

"आमच्याकडे वाइनचा व्हिनेगर व्हायचा," मादाम म्हणाल्या. "बाटल्या फुटायच्या. निदान सासूबाई तसं म्हणायच्या. माझ्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला इथे बसवलं आणि हातात सोलायला बटाटे दिले. नवरा खालून हाका मारायचा, ओदिल, जरा येऊन बघ. मी म्हणायची, बटाटे सोलतेय. त्याला वाटायचं, या बाईला बटाट्यांचं भारी वेड."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

मग मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. का सांगितली, कोण जाणे. मी शाळेत असताना एका वर्षी आमच्या मळ्याला मर लागली. वेल उभ्याउभ्या माना टाकायचे. काकूनं घरातल्या बायकांना ओळीनं उभं केलं आणि विचारलं, कोण गेलं होतं? कोणीच गेलं नव्हतं. पण आई त्या घरात शेवटची आलेली सून, तिच्यावर आलं. आई एक शब्द बोलली नाही. माझे वडील, आप्पा, तेही बोलले नाहीत. आई त्यानंतर कितीतरी दिवस मळ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी पुढे शिकले ते त्यामुळेच. मर म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी असते, पाणी साचलं की वाढते, हे मी कॉलेजच्या पुस्तकातून आईला वाचून दाखवलं होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंल बाई. पण मी जात न्हाई."

"शहाणी बाई," मादाम म्हणाल्या. त्या हे कौतुकानं म्हणाल्या की कसं, ते कळेना. "मग तुम्ही सांगा. तुम्ही तर हेच शिकता. बाटलीतल्या यीस्टला कळतं का, दारात कोण आलंय ते?"

"नाही."

"खात्री आहे?"

"पूर्ण."

"मलाही होती. मी तुमच्याएवढी शिकले नाही, पण एवढं मला कळत होतं." त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "सासू वारली, त्या महिन्यात मी वेळ आली तशी इथे आले आणि बसले. घरात मला अडवायला कोणी उरलं नव्हतं. नवऱ्याला तर यातलं काही ठाऊकच नव्हतं. बटाटेही नव्हते त्या दिवशी. मी नुसतीच बसले. म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यातही बसले. अशी वर्षं गेली. मग वय झालं, आणि शरीरानंच मला त्यातून सोडवलं. मी काही केलं नाही."

खालून ल्युकचा आवाज येत होता, आणि मधूनच अश्लेषाचा. ती काहीतरी विचारत होती. तिचं फ्रेंच नेहमीसारखंच अडखळत होतं, पण ती थांबत नव्हती.

मी उठले आणि बूट घालायला लागले. "चला," मी म्हणाले. "येते मी आत."

"या ना. जरूर बघा." मादाम बसूनच राहिल्या. "पण जागा मी तुमच्या मैत्रिणीला देणार आहे. ते आधी सांगते, म्हणजे खाली गेल्यावर मनात काही राहायला नको."

नाडी माझ्या हातात तशीच राहिली.

"मी येतेय ना आत," मी म्हणाले.

"आज याल. मी पाहिलंय म्हणून याल. पुढच्या महिन्यात मी बाजारात गेलेली असेन, तेव्हा?" त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मोठ्या कंपन्यांत आता बाटल्या यंत्रं फिरवतात. आमच्याकडे हातानं फिरवतो. रोज. एक दिवस चुकला की गाळ बाटलीच्या कडेला धरून बसतो, मग तो सुटत नाही. मला रोज आत जाणारं माणूस हवं. दारात उभं राहून विचार करणारं माझ्या घरात एक होऊन गेलंय."

"मी खोटं बोलले असते तर? काही न बोलता सरळ खाली उतरले असते तर?"

"तर मला कळलं नसतं. आणि बहुतेक जागा तुम्हाला मिळाली असती. तुमच्या सरांनी तुमचंच नाव आधी सांगितलं होतं."

"हा अन्याय आहे," मी म्हणाले.

"आहे," मादाम म्हणाल्या. "माझ्यावरही झाला होता. पण तुमच्यावरचा मी करत नाहीये, हे तुम्हाला पुढे कळेल. कळलं नाही तरी चालेल."

मला त्यांचा भयंकर राग आला. वाटलं, दार दाणकन आपटून निघून जावं. पण परतीची बस संध्याकाळी होती आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. रागावलेल्या माणसालाही कुठेतरी बसावं लागतं. मी बुटाची नाडी बांधली आणि पायऱ्या उतरले. मादाम मागून आल्या.

पहिली पायरी उतरताना काही झालं नाही. दुसरीलाही नाही. आपल्या आत काहीतरी थरथरेल, भीती वाटेल, असं मला वाटत होतं, तसलं काही झालं नाही. गुडघे थंडीनं कुरकुरले तेवढंच.

खाली लांबच लांब बोगदे होते, पांढऱ्या भिंतींचे. लाकडी चौकटी तिरप्या उभ्या केलेल्या, त्यांच्या भोकांत बाटल्या मान खाली घालून खोचलेल्या. दुसऱ्यांदा आंबवल्यावर यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बाटलीतच उरतो. तो मानेशी गोळा व्हावा म्हणून रोज प्रत्येक बाटली थोडीशी गरकन फिरवायची, इतकंच काम. प्रत्येक बाटलीच्या बुडाला चुन्याची एक रेघ ओढलेली होती. रेघ कुठे आली त्यावरून किती फिरली ते कळतं.

अश्लेषा एका चौकटीपुढे उभी राहून दोन्ही हातांनी बाटल्या फिरवत होती. तिच्या कपाळावर केस आले होते आणि ती फार खुशीत दिसत होती. मला पाहून तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. "आलीस! बघ, ल्युक म्हणतो माझं मनगट चांगलं आहे. पोळ्या लाटल्यामुळे असणार."

"तू कधी लाटल्यास पोळ्या?" मी म्हणाले.

"आता लाटेन."

मादामनी मला शेजारची चौकट दाखवली. "फिरवा," त्या म्हणाल्या. मी फिरवल्या. बाटल्या गार होत्या आणि हाताला जड लागत होत्या. मी एक अख्खी चौकट फिरवली, एकही रेघ चुकवली नाही. ल्युकनं पाहिलं आणि मान डोलावली. वर आल्यावर त्यांनी आम्हा तिघांना एकेक पेला दिला. माझ्या घरात कोणी दारूला शिवलेलं नाही, आणि वर्गातही मी घोट तोंडात फिरवून थुंकत आले होते, तशी पद्धतच असते. त्या दिवशी मी गिळला. आंबट होता, बुडबुडे नाकात गेले, मला ठसका लागला.

निवड मादामनी तिथेच सांगितली. अश्लेषानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभार मानले.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "काय झालं होतं वर? खरं सांग. तू जाणूनबुजून मागे राहिलीस का? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी मी भाताचा शेवटचा घाससुद्धा सोडत नाही."

"मग?"

मी सांगितलं. पानमळा, दगड, बटाटे, सगळं. ती ऐकत राहिली. तिचं तोंड उघडंच राहिलं, मग तिनं ते हातानं झाकलं.

"गिरिजा," ती म्हणाली, "अगं, मलाही आजच आहे. सकाळी गोळी कशाला मागितली मी?"

बस वळणावर झुकली.

"तुझ्या डोक्यातही आलं नाही?" मी विचारलं.

"काय यायचं डोक्यात? पोटात दुखत होतं, गोळी घेतली, थांबलं." ती खरंच गोंधळली होती. "आमच्याकडे आजी पाळायची म्हणे. आईनं सोडलं. मला कोणी कधी काही सांगितलंच नाही." थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "मी सोडू का ती जागा?"

"वेडी आहेस का?" मी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. बाहेर द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या ओळीनं उभ्या होत्या. मला रडू आलं नाही. अश्लेषाच्या आईला मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या बाईचा मला हेवा वाटत होता.

अश्लेषा वेर्नोंकडे गेली आणि पुढे तिकडेच राहिली. तिनं फिरवलेल्या बाटल्यांतली वाइन उत्तम निघाली, असं तिनं मला फोनवर सांगितलं. माझ्या त्या एका चौकटीचं काय झालं, ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. मी प्रयोगशाळेत नळ्या हलवल्या, पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी गावी परतले.

परतल्यावर काही आठवड्यांनी पानं खुडायचा दिवस आला. घरातली सगळी माणसं मळ्यात गेली होती. आई पायातल्या चपला न काढता बांधावर बसून आतून येणाऱ्या पाट्या उतरवून घेत होती. आई आत न जाता बांधावर बसली की काय समजायचं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिच्याजवळ जाऊन चपला काढल्या.

काकू मळ्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं सकाळी माझी उशी वेगळी ठेवलेली पाहिली असणार. तशी ती आईच वेगळी ठेवायची, मला न विचारता.

"कुठं निघालीस?" काकू म्हणाली. "आज न्हाई जायाचं तुला. म्हाईत हाय न्हवं?"

"माहीत आहे, काकू. मला बाहेरचं आहे," मी म्हणाले. हे मोठ्यानं म्हणायची आमच्याकडे रीत नाही. आत खुडणारे आप्पा ऐकून थबकले. "मी खुडायला चाललेय."

"आन् वेल वाळलं तर?"

"तर मुळं उकरून बघू. पाणी साचलं असेल तर काढून देऊ."

काकूनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी खाली पाहिलं, त्यांना ते चांगलं जमतं. काकू वाटेतून हलली नाही. मी तिच्या कडेनं आत गेले.

"गिरिजा," मागून आई म्हणाली, "काय झालं तर तुझ्यावर यील."

"येऊ दे," मी म्हणाले.

आत गार होतं. पायाखाली माती ओली होती, वेल शेवरीच्या झाडांवर चढून वर एकमेकांत गेले होते. मी ओळीच्या टोकापासून खुडायला सुरुवात केली. पाटी भरली तशी ती डोक्यावर घेऊन मी बांधाकडे आले.

माझ्या चपला मी उन्हात काढल्या होत्या. त्या कोणीतरी उचलून सावलीत, नीट जोडीनं ठेवल्या होत्या. त्यांच्या शेजारी आईच्या चपला होत्या. पाटी उतरवून घ्यायला बांधावर कोणी नव्हतं.